गेलेल्या मित्राच्या आठवणी जपायच्या आहेत, सुरुवात कुठून करावी?

परळ_नाका
आमच्यातला एक मित्र मार्चमध्ये गेला. वय २७. वर्षश्राद्ध घरचे तिथीने करतील, त्यात आम्ही पडणार नाही. ऑगस्टच्या मध्यावर त्याचा वाढदिवस असतो, तेव्हा चाळीतल्या आणि कॉलेजच्या मुलांनी मिळून काहीतरी करायचं चाललंय. रक्तदान शिबिर, आठवणींची छोटी पुस्तिका, त्याच्या नावाने ट्रस्ट अशा कल्पना निघाल्यात. चाळीसेक माणसं आहेत, खर्च ५० हजारांच्या आत हवा. त्याचा फोन (अँड्रॉइड, प्रीपेड सिम) काकूंच्या कपाटात बंद पडून आहे, पासकोड बहिणीला माहीत आहे. आता जून लागला. आधी काय करावं, नंतर काय?

बॅकअप_बुवा
पुस्तिका आणि शिबिर थांबू शकतं, कपाटातला फोन थांबणार नाही. काका-काकूंना विचारून हा आठवडा त्यालाच द्या.

प्रीपेड सिमचा ९० दिवस काहीच वापर झाला नाही, तर कंपनी ते बंद करू शकते. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. त्याने त्यावर व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं की तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये मित्राच्या नावासमोर परक्याचा फोटो येतो आणि काकूंकडच्या फोनवरचं खातं बाहेर फेकलं जातं. शिवाय १२० दिवस इंटरनेटला न जोडलेलं खातं व्हॉट्सअ‍ॅप सहसा काढून टाकतं. मार्चपासून मोजा, तुम्ही काठावर आहात.

आजच फोन चार्ज करा, वायफायला जोडा, सिमवर छोटा रिचार्ज मारा आणि एक फोन लावा. नंबर कायमचा ठेवायचा असेल तर काकांनी मृत्यूचा दाखला, स्वतःची ओळखपत्रं आणि नातं दाखवणारा कागद घेऊन कंपनीच्या दुकानात जावं आणि तो आपल्या नावावर करून घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाकू नका. जागा कमी पडतेय म्हणून 'क्लीनर' अ‍ॅप तर मुळीच नको.

मग केबलने संगणकाला जोडून फोटोंचे फोल्डर उतरवा. आवाज अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप या वाटेने आत गेल्यावर 'व्हॉइस नोट्स' फोल्डरात मिळतो. फायली ओपस या ध्वनिप्रकारच्या असतात, संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरवर वाजतात. अडचण अशी की फाइलच्या नावात तारीख असते, माणूस नसतो. त्याने पाठवलेलं आणि त्याला आलेलं सगळं एकत्र. म्हणून त्याचा आवाज तुमच्याच फोनांतून गोळा करणं सोपं. त्याच्याशी झालेल्या गप्पा उघडा, 'एक्स्पोर्ट चॅट', 'मीडियासह'. यात साधारण शेवटचे १०,००० संदेशच येतात, त्यामुळे जुन्या नोट वर सरकून एकेक पाठवाव्या लागतील. दोन प्रती ठेवा, त्यातली एक घरच्यांकडे.

गप्पा मात्र वाचू नका. फोटो आणि आवाज उतरवा, बाकीचं बहीण ठरवेल.

फेसबुक पान 'रिमेम्बरिंग' (गेलेल्याचं स्मरणपान) करायची घाई नको. एकदा ते केलं की पासवर्ड असूनही कुणाला आत जाता येत नाही, आणि त्याने लेगसी कॉन्टॅक्ट (आपल्यामागे पान सांभाळणारा माणूस) नेमला नसेल तर जो प्रोफाइल फोटो आहे तोच राहतो. गूगलचं खातं २ वर्षं वापरात नसेल तर काढलं जाऊ शकतं, तिथे थोडा अवधी आहे.

पानजुळणी
पुस्तिकेबद्दल. चाळीस जणांना 'काहीतरी लिहून दे' म्हणालात तर चाळीस वेळा 'हसतमुख, मनमिळाऊ, मदतीला तत्पर' हातात पडेल. प्रत्येकाला वेगळा प्रश्न द्या: तो कुणाची नक्कल करायचा, पहाटेच्या पहिल्या लोकलला का धावायचा, उधारी कशी मागायचा. मर्यादा २५० शब्द, मुदत दहा दिवस. उशीर करणाऱ्यांकडून फोनवर बोलणं ध्वनिमुद्रित करून उतरवून घ्या, तेच बऱ्याचदा सरस निघतं.

चाळीस जणांचे २५० म्हणजे १०,००० शब्द. ए-५ आकारात १२ पॉइंट टाइपात पानाला सव्वादोनशेच्या आसपास शब्द बसतात. फोटो धरून ५६ पानांत मामला आटपतो. सेंटर पिन बाइंडिंगला (मधोमध पिना मारून बांधणी) पानसंख्या चारच्या पटीत हवी, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात. मजकुराला ९० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो म्हणजे साधा छपाईचा कागद, मधली आठ पानं फोटोंसाठी गुळगुळीत आर्ट पेपर. शंभर प्रती असतील तर डिजिटल छपाईच करा, ऑफसेटच्या प्लेटचा खर्च एवढ्या कमी प्रतींवर वसूल होत नाही.

हमखास बिघडतात त्या दोन गोष्टी. पहिली, फोटो. पूर्ण ए-५ पानाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण १७५० बाय २४८० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो आक्रसून येतो, पाव-अर्ध्या पानापर्यंतच चालतो. 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. दुसरी, अक्षरं. तुम्ही युनिकोडमध्ये लिहिणार, छापखान्यात जुन्या फाँटचं सॉफ्टवेअर असेल तर रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात. फाँट आत बसवलेली पीडीएफ द्या आणि कागदावरचं प्रूफ (तपासायची नमुना प्रत) मागा. पडद्यावर पाहून होकार देऊ नका.

शेवटचं प्रूफ घरच्यांनी वाचल्याशिवाय छापायला सोडू नका. आजार, अपघात, प्रेमप्रकरण, जे त्यांना नको ते काढा. वाद घालू नका.

ओ_पॉझिटिव्ह
शिबिराची तारीख आधी रक्तपेढीला विचारा, मग मुलांना. १५ ऑगस्टच्या आगेमागे शिबिरांची गर्दी असते. तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट ५ दिवस. एकाच आठवड्यात सगळं जमलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा टंचाई. वाढदिवसानंतर दोन-तीन आठवड्यांनी घ्या, तेही गणपतीची गडबड टाळून. आठवण तारखेला बांधलेली नसते. केईएम, नायर, सायन किंवा जे. जे. महानगर रक्तपेढी, कुणाशीही बोला. किती दाते येतील हा त्यांचा पहिला प्रश्न असेल.

चाळीस नावं आली तर चाळीस पिशव्या धरू नका. वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. हिमोग्लोबिनवर बरेच जण गळतात. शिवाय पुरुषांना मागच्या रक्तदानापासून ९० दिवस, स्त्रियांना १२० दिवस झालेले हवेत. मलेरिया होऊन गेला असेल तर बरं झाल्यावर ३ महिने थांबावं लागतं, मुंबईच्या पावसाळ्यात ही मंडळी निघतातच. रात्रपाळी करून न झोपता थेट येणाऱ्यांनाही परत पाठवतात. श्रावण आहे, उपाशीपोटी येऊ नका हे निमंत्रणातच लिहा.

मंडळाचा हॉल चालेल, पण पंखे आणि जिना बघा. खाटा वर न्यायच्या असतात. दान झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसवून पाणी-बिस्किट द्या. चक्कर बहुतेक वेळा लगेच उठून उन्हात गेल्यामुळे येते. दात्यांना महागड्या भेटवस्तू नकोत, स्वेच्छा रक्तदानात ते बसत नाही.

वरळी_सीफेस
ट्रस्टच्या फंदात पडू नका. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी, दरवर्षी हिशेब, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट (बदल कळवणारा अर्ज), आणि वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे फेऱ्या. पाच वर्षांत अर्धे जण पुण्याला किंवा परदेशी गेलेले असतील. त्याच्या कॉलेजला ठेव देऊन व्याजातून बक्षीस ठेवता येतं का ते प्राचार्यांना विचारा. ५० हजारांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ३२५० रुपये येतात, एका विद्यार्थ्याची पुस्तकं होतील. पण मग पुस्तिकेला पैसे उरत नाहीत, दोन्हींतलं एक निवडा. वर्गणी एकाच्या यूपीआयवर घेऊ नका. दोघांचं संयुक्त खातं काढा आणि जमाखर्च ग्रुपवर टाका.

परळ_नाका
आभार. फोन चार्जिंगला लावलाय, रिचार्ज झाला, सिम चालू आहे. ट्रस्ट रद्द. एक राहिलं: आमच्यातले सहा जण त्याच्या सहीचा टॅटू दंडावर काढणार आहेत, पुढच्या रविवारी. त्याने काही अडतं का?

ओ_पॉझिटिव्ह
अडतं. टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही. सुईतून कावीळ, एचआयव्हीसारखा संसर्ग झाला असेल तर तो तपासणीत दिसायला वेळ लागतो, म्हणून. टॅटू शिबिरानंतर काढा. कुणी आधीच काढला असेल तर त्याला नोंदणीच्या टेबलावर बसवा, तिथेही दोन माणसं लागतातच.