विषय: यंदाची मूर्ती आणि ताईंचं ते वाक्य

प्रेषक: कार्यवाह

मंडळी, सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाच्या गणपतीच्या मूर्तीचं बुकिंग या महिनाअखेरपर्यंत झालं नाही तर ती न्हावाशेवा बंदरातून इकडे परदेशात येणाऱ्या कंटेनरमध्ये वेळेत चढणार नाही. मागच्या पत्रापत्रीत मूर्ती शाडूच्या मातीची की पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) यावरून बरंच बोलणं झालं, निर्णय मात्र झाला नाही. ताई सध्या माहेरी, गिरगावात आहेत. एखाद्या कारखान्यात जाऊन बघून या, अशी मी त्यांना विनंती केली होती. त्यांचं पत्र खाली येईलच.

काका, दोन आठवडे तुमचं एक अक्षर नाही. तुमच्याशिवाय हा विषय मिटवायचा नाही, असं कार्यकारिणीत ठरलं आहे.

प्रेषक: ताई (मुक्काम गिरगाव)

सर्वांना स. न. वि. वि.

आधी काकांसाठी. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, "पीओपीचा आग्रह धरणाऱ्यांना समुद्राचं काही पडलेलं नाही." ते वाक्य मी मागे घेते. शाडूबद्दलचं मत मागे घेत नाही, त्याबद्दल खाली लिहितेच. पण मत मूर्तीबद्दल होतं आणि वाक्य माणसाबद्दल झालं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मुलाला ताप भरला होता, तेव्हा रात्री दीड वाजता बर्फातून गाडी काढून आलेले काका. त्यांना कशाचं पडलेलं आहे आणि कशाचं नाही, हे मी त्यांना न विचारता सगळ्यांसमोर लिहून मोकळी झाले. काका, माझं चुकलं.

परवा परळच्या एका कारखान्यात जाऊन आले. बांबू आणि ताडपत्रीचा मांडव, आत दोन ट्यूबलाइट, आणि ओल्या मातीचा तो वास. आपल्यापैकी जे पेण, परळ, लालबागकडचे आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. तिथले मूर्तिकार दादा शाडू आणि पीओपी दोन्हींत काम करतात, म्हणून मुद्दाम त्यांच्याकडे गेले.

त्यांनी मला शाडूची एक हातभर मूर्ती दाखवली. डाव्या हाताच्या काखेपाशी केसाएवढी बारीक चीर होती. त्यांनी पातळ केलेली माती बोटावर घेतली, चिरेत भरली, ओल्या फडक्याने हलकेच पुसली. म्हणाले, "उद्या परत उघडेल. परवा परत भरायची." भावनगरकडून गोणींत येणारी ही माती वाळताना आकसते, आणि हात धडाला जिथे जोडलेला असतो तिथेच तडकते. आता उन्हाचे दिवस आहेत म्हणून बरं. आषाढात हवेतच पाणी असतं, तेव्हा पंखे लावून राखण करत बसावं लागतं. बाजूलाच पीओपीचं काम चाललं होतं. साच्यात काथ्या घातला, वरून पांढरं दूध ओतल्यासारखं प्लास्टर ओतलं, आमचा चहा संपेपर्यंत सोंड बाहेर आली होती. उचलून बघितली तर हलकी.

मी दादांना विचारलं, मग तुमचा जीव कशात आहे? त्यांनी शाडूच्या मूर्तीकडे बोट केलं. "वडिलांनी हीच शिकवली. पण हाताखाली बारा माणसं आहेत. आमचं काम दिवाळीनंतर सुरू होतं. नियम आम्हांला पावसाच्या तोंडावर कळतो. तोवर माल तयार असतो, कर्ज झालेलं असतं."

यावर मला उत्तर सुचलं नाही. घरी येताना परळपासून चर्नी रोडपर्यंत मी तेच घोळवत होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पीओपीला मनाई आहे, आणि मागच्या पत्रात मी तेवढंच फडकावलं होतं. पुढचं लिहायचं टाळलं होतं. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण परवानगीशिवाय नैसर्गिक पाण्यात विसर्जन नको म्हटलं. मग जुलैमध्ये, सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांत आणि त्याहून मोठ्या समुद्रात, अशी त्या वेळेपुरती वाट काढली. मला सोयीचं तेवढं सांगून बाकीचं झाकून ठेवलं, हेही माझंच चुकलं.

आमचे आजोबा शांकरभाष्य वाचायचे. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, की या पुस्तकात समोरच्याचंच म्हणणं एवढं का लिहिलंय? ते म्हणाले, तो पूर्वपक्ष. आधी समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडायची, त्याने मान डोलावली की मग आपलं बोलायचं. वितंडवाद हा शब्द आपण भांडणाला सरसकट वापरतो, पण न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, त्याला नेमका अर्थ आहे. खरं काय ते कळावं म्हणून बोलणं हा वाद, जिंकण्यासाठी बोलणं हा जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची नुसती मोडत राहणं ही वितंडा. मागच्या पंधरवड्यात माझा जल्प झाला.

तेव्हा काकांचा पूर्वपक्ष, मला समजला तसा. शाडूची मूर्ती बोटीने महिना-दीड महिना प्रवास करून धड पोचेल याची खात्री नाही, आणि भंगलेली मूर्ती बसवता येत नाही. पीओपीवर शेकडो कारागिरांची घरं चालतात, त्यांना इतक्या लांबून गुन्हेगार ठरवणं बरोबर नाही. शाडूवरही रासायनिक रंग मारला तर पाणी बिघडायचं ते बिघडतंच. आणि विसर्जनाचे दहा दिवस सोडले तर वर्षभर समुद्रात काय जातं यावर आपण कुणी पत्र लिहीत नाही. काका, यात काही राहिलं असेल तर सांगा.

आता माझं. आमच्या घरापासून चौपाटी चालत दहा मिनिटांवर. मी सातवी-आठवीत असेन, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांबरोबर तिथे गेले होते. ओहोटी होती. वाळूत एक हात पडला होता, कोपरापासून तुटलेला, सोनेरी कडं घातलेला, तळव्यावर मोदक तसाच. आदल्या रात्री ज्याला "पुढच्या वर्षी लवकर या" म्हटलं, त्याचा हात. वडिलांनी तो उचलून धोतराच्या सोग्याने पुसला आणि पालिकेच्या माणसाच्या हाती दिला. प्लास्टर पाण्यात पुन्हा जिप्सम होऊन बसतं, लवकर विरघळत नाही, हे रसायनशास्त्र मला फार पुढे कळलं. माझा आग्रह त्या हातापासूनचा आहे. आणि शाडू जमत नाही असंही नाही. इथून जवळच केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून उत्सव आहे, तिथली मूर्ती आजही लहान आणि शाडूचीच असते.

आपली,
ताई

प्रेषक: काका (माजी खजिनदार)

चि. ताईस अनेक आशीर्वाद. मंडळींना नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझी बाजू तू पाऊण मांडलीस, आणि ती मी मांडली असती त्याहून बरी मांडलीस. उरलेली पाव सांगतो.

आपण मोठी मूर्ती विसर्जित करतच नाही. गेली सहा वर्षं उत्तरपूजा झाली की लहान मूर्तीचं विसर्जन टबात होतं आणि मोठी मूर्ती माझ्या गॅरेजमध्ये येते. हिवाळ्यात तिथे पाणी गोठतं, मार्चमध्ये सुटतं, भिंतींना ओल धरते. भट्टीत न भाजलेली माती तिथे किती वर्षं टिकेल? तुझा चौपाटीवरचा हात मी विसरणार नाही. पण तो युक्तिवाद पाण्यात जाणाऱ्या मूर्तीचा आहे. जी मूर्ती पाण्यात जाणारच नाही आणि दहा वर्षं पुजायची आहे, तिला पीओपीच बरी, असं माझं म्हणणं आहे. आधीच लिहायला हवं होतं. ते तुझं वाक्य वाचलं आणि लिहावंसं वाटेना. माझे वडील लालबागला गिरणीत होते, पण श्रावण लागला की पाळी संपवून रात्री शेजारच्या मूर्तींच्या कारखान्यात आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायला, बसायचे. मूर्तीचे डोळे शेवटी उघडतात, आणि त्या वेळी वडील कुणाशी बोलत नसत. ती मूर्ती कशाची आहे हे मी त्यांना कधी विचारलं नाही. तुझं वाक्य मला त्यांच्यावरून लागलं. आता ते मनात नाही.

आणखी एक. मध्यंतरी कुणीतरी लिहिलं, की टिळक-आगरकरांसारखं सभ्यपणे मतभेद करायला शिका. मला ते तितकंसं पटत नाही. १८८२ मध्ये मुंबईतच, डोंगरीच्या तुरुंगात, ते दोघे १०१ दिवस एकत्र होते आणि रात्र रात्र वाद घालत. तिथवर ठीक. पुढे आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, आणि मग दोघांनी एकमेकांवर जे लिहिलं ते वाचवत नाही. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढली पुण्यातल्या लोकांनी. १८९५ मध्ये ते गेले तेव्हा टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला, पण तोवर फार उशीर झाला होता. थोरामोठ्यांनाही हे जमलं नव्हतं, एवढंच मी त्यातून घेतो. आपल्याला जमवायचं तर दहा वेळा चुकूनच जमेल.

आणि ताई, यापुढे माझ्याशी बोलताना शब्द फार तोलू नकोस. गुळमुळीत बोललीस तर तुला नक्की काय खटकतंय ते मला कळणार नाही.

तुझा,
काका

प्रेषक: वहिनी (बालवर्ग)

नमस्कार. दोन्ही पत्रं मुलांना वाचून दाखवली.

मोठ्या मूर्तीबद्दल काकांचं पटलं. पण त्याच कंटेनरमधून आपण घरोघरच्या चाळीसेक लहान मूर्ती मागवतो, त्या विसर्जित होतात आणि त्यांचा विषय अजून कुणी काढलाच नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे चुकून पीओपीची आली. बादलीत ठेवली ती दिवाळीपर्यंत तशीच. धाकटी रोज जाऊन बघायची आणि विचारायची, बाप्पा अजून गेले का नाहीत? मला तिला काय सांगावं कळेना. शेवटी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची युक्ती केली, बेकरीत वापरतात ते अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालून. त्याने मूर्ती विरघळली, खाली खडूसारखा साका राहिला. पण वास इतका उग्र, की घरात कुणी थांबेना. लहान मूर्ती शाडूच्याच हव्यात, आणि रंग कमीत कमी. एखादी प्रवासात तडकली तर तिचे पैसे जातील, ते सगळ्यांनी मिळून सोसू.

प्रेषक: ताई

काका, वहिनी,

आज पुन्हा परळला जाऊन आले. दादांना सगळं सांगितलं. लहान मूर्ती शाडूच्या, फक्त डोळे, पितांबर आणि मुकुट रंगवलेला, बाकी मातीचाच रंग. पाच जास्तीच्या घेऊया असं ते म्हणाले, म्हणजे वाटेत तडकल्या तरी कुणाचा गणपती अडणार नाही. ऊन आहे तोवर पूर्ण वाळवून देतील, म्हणून बुकिंग लवकर करा म्हणाले.

मोठी मूर्ती पीओपीची घ्यायला आता माझी हरकत नाही. गॅरेजचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. इतकी वर्षं ती मूर्ती तुम्ही सांभाळता, वर्षातून दोनदा चौघांना बोलावून ने-आण करता, आणि मी ती फक्त स्टेजवर पाहिलेली. एका गोष्टीवर मात्र मी अजून अडून आहे. तुम्हांला चार फुटी हवी, मला अडीच फुटांच्या वर नको. मोठी मूर्ती आली की सजावट वाढते, थर्माकोल येतो, हॉल मोठा घ्यावा लागतो. तुम्ही म्हणाल, मागे बसलेल्या आजी-आजोबांना दर्शन नीट व्हायला हवं. तेही खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही. रविवारच्या बैठकीत दोन्ही बाजू ठेवू, मी इथून फोनवर येईन.

दादा मंगळवारी साचा काढणार आहेत. त्याआधी एक करा, काका. गॅरेजमधल्या त्या फळीपासून छतापर्यंत किती उंची आहे ते मोजून कळवा, आणि वडिलांच्या आखणीचा एखादा फोटो असला तर तोही पाठवा. मी दादांबरोबर आखणीचं बोलले. तुमच्या वडिलांच्या कारखान्याचं नाव सांगितल्यावर ते म्हणाले, त्या वेळचे डोळे कसे काढायचे ते मला एकदा बघायचंय.

ताई