मदत हवी आहे: मकाऊ/हाँगकाँगहून चिनी लाकडी कपाट आणावं का?

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर हाँगकाँगला नणंदेकडे जातोय, मकाऊला पण चक्कर होईलच. मला बरेच दिवस ते चिनी लग्नातलं कपाट हवंय, दोन दारांचं, मधोमध पितळेची मोठी गोल चकती आणि कड्या असलेलं, लाल किंवा काळ्या लाखेचं. मागे मकाऊला सेंट पॉलच्या पडक्या चर्चच्या पायऱ्यांखाली जो रस्ता आहे ना (रुआ दे साओ पाउलो), तिथे अशी दुकानं बघितली होती. एक दुकानदार सरळ म्हणाला, नवीनच आहे, फक्त जुन्यासारखं दिसतं. मला ते आवडलं खरं तर. रेप्लिका चालेल, पण रेप्लिकाच्या भावात हवी!

हाँगकाँगच्या हॉलिवूड रोडवर मात्र दर दुसरं कपाट "छिंग काळातलं". आता छिंग म्हणजे १६४४ ते १९१२ चं चीनचं राजघराणं, एवढ्यात काय वाट्टेल ते बसतं. बीजिंगच्या पानजियायुआन या जुन्या वस्तूंच्या बाजाराचं पण कोणीतरी सुचवलं होतं, पण चीनमधून १९११ च्या आधीच्या वस्तू बाहेर न्यायला बंदी आहे म्हणे, त्यामुळे ते डोक्यातून काढलं. महागातलं ह्वांगह्वाली लाकूड वगैरे पण नको, ते शिसवीच्याच कुळातलं (डालबर्जिया) आणि २०१७ पासून त्या सगळ्या कुळाला साइट्सचे (दुर्मीळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागद लागतात, कोण निस्तरणार. साधं एल्मच्या लाकडाचं बघतेय.

तर प्रश्न असा की जुनं-नवं दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं, आणि दुकानवाले न्हावाशेवापर्यंत पाठवतो म्हणतात, पुढचं कोण बघतं? शिवाय घर रत्नागिरीला, पावसाळ्यात आमची सागाची दारं सुद्धा फुगून बसतात, हे टिकेल का? कोणी आणलंय का प्लीज सांगा.

प्रतिसाद:

ताई, आधी आतला खण (ड्रॉवर) पूर्ण बाहेर काढून उलटा करा. तळाच्या फळीवर गोलाकार ओरखडे दिसले तर मशीनची करवत, हाताच्या करवतीचे सरळ असतात. पण नुसत्या जुन्या फळीवर जाऊ नका, पडक्या घरांचं लाकूड वापरून नवी कपाटं सर्रास करतात. मग दारं बघा. जुन्या पद्धतीच्या कपाटाला बिजागऱ्या नसतात, दार लाकडी खुंटीवर फिरतं आणि दोन दारांमधला उभा दांडा उचलून काढता येतो. खुंटीची भोकं झिजलेली आहेत का ते बोट घालून बघा, पॉलिश कोणीही मारेल, ती झीज करायला कोणी बसत नाही.

पावसाचं म्हणाल तर दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत सैलच बसवलेली असते, फुगायला जागा राहावी म्हणून. हलते म्हणून गावच्या सुताराकडून त्यात फेविकॉल भरून घेऊ नका, तडकेल. एसीत मात्र ठेवू नका.

पाठवताना समुद्राचं भाडं स्वस्त वाटतं (क्युबिक मीटरवर असतं), खरा खर्च इथे पोर्टवर. कस्टमचा एजंट आधीच गाठून सगळं मिळून किती ते लेखी घ्या, ड्युटीसकट. क्रेटच्या लाकडावर आयएसपीएम १५ चा (लाकडातली कीड मारल्याचा) शिक्का हवाच. आणि बिलावर "रेप्लिका, नवीन" असं लिहून मागा, तिथे कुरकुर केली तर दुकान बदला.

प्रतिसाद:

+१ वरच्याला. माप किती आहे पण? जिना अरुंद असेल तर आधी तेवढं मोजा ब्वा.