मदत हवी आहे : बेदाणा खरेदीचा निर्णय दुसऱ्यावर कसा सोपवावा?

नमस्कार. सांगलीत आमची बेदाण्याची पेढी आहे. सांगली आणि तासगावच्या सौद्यांत (लिलावांत) माल घ्यायचा, शीतगृहात ठेवायचा आणि प्रतवारी करून परराज्यांत पाठवायचा, असे कामाचे स्वरूप आहे. वडिलांनी व्यवहारातून अंग काढून घेतल्यापासून प्रत्येक लहानमोठा निर्णय माझ्याकडे येतो आणि फेब्रुवारीपासून नव्या मालाची आवक वाढली की फोन खाली ठेवायला सवड मिळत नाही.

कागदोपत्री कामे सोपवणे अवघड गेले नाही. ई-वे बिलाच्या (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या कागदाच्या) पोर्टलवर दिवाणजींसाठी स्वतंत्र उपवापरकर्ता तयार करून दिला. ५०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल राज्याबाहेर निघाला की ते बिल तेच काढतात, मला विचारत नाहीत. अडचण आहे ती खरेदीची. बेदाण्याचा भाव रंग, दाण्याचा आकार, एकसारखेपणा आणि ओलावा यांवर ठरतो. मूठभर बेदाणा दाबून पाहिला, तर ओलसर माल गोळा होऊन राहतो आणि नीट वाळलेला सुटा पडतो. हे ज्ञान लिहून देता येत नाही. शिवाय पेटी १५ किलोची असते, म्हणजे १०० पेट्यांच्या एका लॉटमध्ये किलोमागे १० रुपयांनी अंदाज चुकला तरी १५,००० रुपयांचा फरक पडतो.

दिवाणजी वडिलांच्या वेळचे आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्या नजरेबद्दल मला शंका नाही, परंतु एक रुपया वाढवायचा झाला तरी ते मला फोन लावतात आणि तोवर लॉट दुसऱ्याच्या नावावर गेलेला असतो. माझा धाकटा चुलत भाऊ याच्या उलट आहे : बोली बेधडक लावतो आणि किती माल घेतला हे संध्याकाळी सांगतो. त्यातच अडते (शेतकऱ्यांचा माल सौद्यात विकून देणारे दलाल) या दोघांना ओलांडून थेट मला विचारतात. दोघांना वेगवेगळी मर्यादा घालावी काय? ती किलोमागच्या भावाची असावी की एकूण रकमेची? खरेदी महाग पडल्यास दिलेला अधिकार परत न घेता ती गोष्ट कशी बोलावी? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

मी कराडला गुळाच्या व्यापारात आहे. माल वेगळा असला तरी दुखणे हेच आहे. माझ्या मते आपण काम दिले आहे, भाव ठरवण्याची मुभा दिलेली नाही. म्हणून काका विचारतात. सौद्यापूर्वी त्या दिवसापुरता प्रत्येक प्रतीचा कमाल भाव आणि एकूण किती पेट्या घ्यायच्या हे कागदावर लिहून द्यावे. त्या भावाच्या आत फोन करायचा नाही, वर जायचे झाल्यास करायचा. भावाची मर्यादा दोघांना एकच ठेवावी, अन्यथा काकांना तो अविश्वास वाटेल. पेट्यांचा आकडा मात्र चुलत भावासाठी सुरुवातीला लहान असावा.

अडत्याचा फोन आला की उत्तर माहीत असूनही “काकांशी बोला” एवढेच सांगावे. हे मला सर्वांत जड गेले, कारण आपले उत्तर एका वाक्यात संपते आणि ते न देणे उर्मटपणाचे वाटते. पण एकदा उत्तर दिले की अडते काकांना पुन्हा विचारत नाहीत.

खरेदी केलेल्या प्रत्येक लॉटचा मूठभर नमुना पिशवीत घालून त्यावर तारीख, लॉट क्रमांक आणि भाव लिहून ठेवावा. माल महाग पडला असे वाटल्यास दोघांसमोर ती पिशवी उघडावी आणि नमुना पाहून बोलावे. हमालांसमोर किंवा अडत्याच्या गादीवर तो विषय काढू नये. ठरलेल्या भावाच्या आत घेतलेला माल पुढे बाजार पडल्यामुळे तोट्यात गेला, तर तो दोष खरेदीदाराचा नव्हे. अडत्याला पैसे देण्याचा अधिकार मात्र खरेदी करणाऱ्याकडे कधीही देऊ नये, मग तो घरचा असला तरी.