सॅन फ्रान्सिस्कोचे चायनीज हॉस्पिटल: वेगळे रुग्णालय का काढावे लागले?

वाटसरू:
मुलीकडे आलो असता सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये, जॅक्सन स्ट्रीटवर, ‘चायनीज हॉस्पिटल’ ही पाटी पाहिली. ‘ब्रूस ली याच इमारतीत जन्मला,’ असे जावई म्हणाले. त्यापलीकडे त्यांना माहिती नव्हती. एवढ्या मोठ्या शहरात एका समाजाला स्वतःचे रुग्णालय का उभारावे लागले?

जुना दस्तऐवज:
कारण इतर रुग्णालयांची दारे चिनी रुग्णांना जवळजवळ बंदच होती. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायलाच मनाई झाली होती आणि जे आधीपासून राहत होते, त्यांच्याकडे रोगाचे घर म्हणूनच पाहिले जाई. १९०० च्या सुमारास तेथील चिनी मंडळांनी सॅक्रामेंटो स्ट्रीटवर ‘तुंग वा’ नावाचा दवाखाना काढला, जिथे पाश्चात्त्य औषधे आणि चिनी वैद्यक दोन्ही चालत. १९०६ च्या भूकंपात तो गेला. पुढे पंधरा संस्थांनी एकत्र येऊन रुग्णालय बांधले आणि ते १८ एप्रिल १९२५ रोजी उघडले. भूकंपाची तारीखही १८ एप्रिलच.

शनिवारातला:
यात प्लेगचे प्रकरण यायलाच हवे, कारण त्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मार्च १९०० मध्ये एक चिनी रहिवासी प्लेगने दगावला आणि दुसऱ्याच दिवशी चायनाटाउनभोवती दोर बांधून पहारा बसवण्यात आला. मे महिन्यात हुकूम निघाला, की हाफकिनची प्लेगप्रतिबंधक लस घेतल्याशिवाय आशियाई माणसाने शहराबाहेर जायचे नाही. ही लस १८९७ मध्ये मुंबईत तयार झाली होती. चिन्यांनी थेट न्यायालय गाठले. न्यायाधीश मॉरो यांनी तो हुकूम रोखला आणि जूनमध्ये चायनाटाउनभोवती पुन्हा घातलेली नाकेबंदीही उठवली. तिची हद्द गोऱ्यांची दुकाने वगळत वाकडीतिकडी आखलेली होती! पुण्यातला रँडसाहेबाचा जाच ज्यांनी वाचला आहे, त्यांना सरकारी डॉक्टर दारात आल्यावर काय वाटत असेल हे सांगायला नको.

जुना दस्तऐवज:
मुद्दा मान्य. मात्र दवाखान्यामागे केवळ प्लेगच होता असे समजू नये. उपचार नाकारले जाण्याची तक्रार त्याच्याही आधीची आहे. आणखी एक दुरुस्ती: ब्रूस ली २७ नोव्हेंबर १९४० रोजी तिथे जन्मला हे खरे (वडील कँटनी संगीत नाटकाच्या दौऱ्यावर होते), पण १९२५ ची ती इमारत पाडली गेली. १९७९ मध्ये शेजारी नवी इमारत झाली आणि जुनीच्या जागी उभी असलेली इमारत २०१६ मध्ये सुरू झाली.

वाटसरू:
आभार. जावयांनी त्या इमारतीपुढे माझे सात फोटो काढले आहेत. आता त्यांना हे सांगावे की नाही, याचा विचार करतो.