खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर: कार्तिकी पौर्णिमेला जावं की एरवी? (पुण्याहून, गाडी नाही, बजेट ६०००)

पायवाट
मंडळी, सल्ला हवाय. खिद्रापूरला जायचं आहे. चौघं जण: आम्ही दोघं, मुलगा (१३) आणि आई (७१, गुडघे दुखतात). एक मुक्काम. प्रवास, राहणं, खाणं सगळं मिळून ६००० च्या आत बसवायचं आहे. मुख्य प्रश्न असा की स्वर्गमंडपातला (छताला गोल उघडी जागा असलेला पुढचा मंडप) चंद्र बघायला कार्तिकीलाच जावं का? जवळचं स्टेशन कोणतं? आणि मंदिरात नेमकं काय चुकवू नये? गाडी भाड्याने घ्या असं कृपया कुणी सांगू नका.

सरळ_रस्ता
इनोव्हा करा. चौघांत आई आहेत म्हटल्यावर एसटीचा विचारही नको. कोल्हापुरात चांगल्या हॉटेलात दोन रात्री राहा, अंबाबाई, ज्योतिबा, पन्हाळा आणि येताना खिद्रापूर. बारा-पंधरा हजारांत सगळं निवांत होतं.

कृष्णाकाठ
वरच्यांनी बजेट वाचलेलं दिसत नाही. कोल्हापूरहून खिद्रापूर साधारण ६० किमी आहे, म्हणजे निम्मा दिवस रस्त्यातच. कोल्हापूर धरूच नका. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडा आणि पहाटे मिरजेला किंवा जयसिंगपूरला उतरा. स्लीपरने चौघांचं जाऊन-येऊन दोन हजारांच्या आत होतं. तिथून एसटीने नरसोबाची वाडी किंवा कुरुंदवाड. महिलांना एसटीत अर्धं तिकीट, आईंना तसंही ज्येष्ठ म्हणून अर्धंच. १३ वर्षांच्या मुलाचं मात्र पूर्ण.

पुढे कुरुंदवाड, अकिवाट, सैनिक टाकळी, राजापूर, खिद्रापूर. या टप्प्यावर एसटी कमी. कुरुंदवाड आगारात आधी परतीची गाडी विचारा, जायची नंतर. लोक नेमकं उलटं करतात आणि संध्याकाळी राजापूरच्या फाट्यावर ट्रॅक्टरला हात दाखवत बसतात. रिक्षा केलीत तर थांबण्याचे पैसे वेगळे बोलून घ्या आणि मंदिरात दोन तास लागतील हे आधीच सांगा. रिक्षावाला अर्धा तास धरून चाललेला असतो.

कार्तिकी नको. दर पौर्णिमेला वाडीला दत्ताच्या दर्शनाची गर्दी असते, भक्तनिवासात खोली मिळत नाही. त्यात तेव्हा उसाचा हंगाम सुरू झालेला असतो. रात्री रस्त्यावर दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मध्यरात्री त्या रस्त्याने परतायचं म्हणजे अवघड आहे.

बासुंदीप्रेमी
वाडीला जाताय तर कवठाची बर्फी घ्याच. पण बासुंदी कुरुंदवाडचीच!!

कृष्णाकाठ
बासुंदी वाडीची. विषय संपला.

बासुंदीप्रेमी
वाडीची बासुंदी गोड असते, कुरुंदवाडची आटवलेली असते. फरक कळायला जीभ लागते.

गजथर
मंदिराबद्दल कुणी बोलणार आहे का?

पायवाट, दोन तास धरून या क्रमाने बघा. मंदिर पूर्वाभिमुख आहे, स्वर्गमंडप सगळ्यात पुढे. आत शिरल्या शिरल्या वर बघू नका. आधी खाली बघा. मधोमध अखंड गोल शिळा आहे आणि बरोबर तिच्या डोक्यावर तेवढ्याच मापाचं, साधारण १३ फूट व्यासाचं उघडं वर्तुळ. त्याला आधार देणारे आतले १२ खांब, मंडपाचे एकूण ४८. गोल, चौकोनी, अष्टकोनी असे खांबाचे आडवे छेद एकाच खांबात कसे बदलत जातात ते मुलाला बोट फिरवत मोजायला सांगा (हवेतूनच, दगडाला हात न लावता). मग त्या १२ खांबांच्या वर, छताच्या कडेला बघा. दिक्पाल, म्हणजे दिशांचे रक्षक देव, आपापल्या वाहनांवर बसलेत, सोबत गणपती आणि कार्तिकेयही. रेडा दिसला की तो यम, तिथून दिशा लावत गेलात तर बाकीचे पुस्तकाशिवाय ओळखता येतात.

तिथून सभामंडपात जाताना एकदम अंधार होतो. उंबरे उंच आहेत. उजेडातून आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत पायाखालचं दिसत नाही आणि लोक तिथेच ठेचकाळतात. आईंना उंबऱ्याशी मिनिटभर थांबवा, मग हात धरून आत न्या. गाभाऱ्यात लिंगं दोन आहेत, कोपेश्वर आणि धोपेश्वर. एक शिव, दुसरा विष्णू. सतीच्या जाण्याने कोपलेल्या शिवाची समजूत घालायला विष्णू आला अशी कथा. समोर नंदी नाही, सती त्याच्यावर बसून माहेरी गेली म्हणून. तो कर्नाटकात यडूरला आहे असं मानतात.

बाहेरून प्रदक्षिणेला निम्मा वेळ राखून ठेवा. पायाशी गजथर आहे, ९२ हत्ती मोजतात. सोंडा बऱ्याच तुटलेल्या आहेत, पण पाठीवरच्या झुली आणि घंटा अजून शाबूत. हत्तीच्या समोर उभं राहून काही दिसत नाही. बाजूला बसा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरका मारा, मग साखळीची कडी न् कडी उठून येते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून असतो, म्हणजे दक्षिण भिंत उजेडात आणि उत्तरेची दिवसभर सावलीत. फोटो काढणार असाल तर हे लक्षात ठेवा.

सरळ_रस्ता
फोटोसाठी ट्रायपॉड न्या. आणि इनोव्हा.

गजथर
ट्रायपॉड नेऊ नका. संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची आधी लेखी परवानगी लागते. ड्रोनचं तर नावच नको. मोबाइल चालतो. वर्तुळाचा फोटो घेताना आकाशावर बोट ठेवलंत तर नक्षी काळी पडते, नक्षीवर ठेवलंत तर आकाश पांढरं फटक होतं. नक्षीवर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढा.

हळेकन्नड
दक्षिण दरवाजाबाहेरचा शिलालेख कुणी सांगितला नाही! देवगिरीच्या सिंघण यादवाचा, शके ११३६, म्हणजे इ.स. १२१४ च्या आसपास. संस्कृत, देवनागरी लिपी. कूडलदामवाड हे गाव कोपेश्वराला दिल्याचा उल्लेख आहे. ते आजचं कुरुंदवाड मानतात. बासुंदीवाल्यांनी नोंद घ्यावी. बाकीचे बरेच लेख हळेकन्नडमध्ये (जुन्या कन्नडमध्ये) आहेत. मंदिर त्याआधीचं, १२ व्या शतकातलं, शिलाहार राजांचं. स्वर्गमंडपाचं छत उघडं ठेवलंय ते होमाचा धूर जावा म्हणून.

गजथर
धुराचं सगळेच सांगतात. लेखात तसं कुठे म्हटलंय?

हळेकन्नड
लेखात नाही, पण मग उघडं कशाला ठेवतील?

अर्धवट_घुमट
काम अर्धं राहिलं असेल. पैसे संपले, राजा बदलला.

गजथर
अर्धं राहिलेल्या छताची कड इतकी गोल आणि घोटीव नसते. आणि खाली तेवढ्याच मापाची शिळा कशी आली?

मी_अंबरनाथकर
६००० मध्ये चौघं म्हणजे अंबरनाथच्या शिवमंदिराला या ना. शके ९८२ (इ.स. १०६०) चा शिलालेख, भूमिज शिखर (छोट्या शिखरांच्या उभ्या-आडव्या रांगांचं), खिद्रापूरपेक्षा जुनं. लोकलने येता येतं. कशाला लांब जायचं?

सिन्नर_फाटा
भूमिजच बघायचं तर सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर. पंचायतन आहे, चारही उपमंदिरं जागेवर.

पायवाट
धन्यवाद सगळ्यांना, पण खिद्रापूरच ठरलंय. चंद्राचं कुणी सांगेल का?

शून्य_सावली
सांगतो. खिद्रापूर १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. कार्तिकात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला १५ ते २१ अंशांवर, म्हणजे चंद्र साधारण तेवढाच उत्तरेला. त्यामुळे तो मध्यरात्री, सव्वाबाराच्या आसपास, जवळपास डोक्यावरून जातो. 'जवळपास' यासाठी की चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे. एखाद्या वर्षी पाच-सात अंशांचा फरक पडतो. छताची उंची पाच मीटर धरली तर उजेडाचं वर्तुळ शिळेवरून दीड-दोन फूट सरकलेलं दिसतं. लोक मग म्हणतात, फोटोत होतं तसं नाही. शिवाय शिळेभोवती एवढी डोकी असतात की उजेड शिळेवर कमी आणि डोक्यांवर जास्त पडतो.

हाच खेळ सूर्य अचूक करतो. ६-७ मे ला तिथे शून्य सावली असते, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी १२:२८ ला वर्तुळ शिळेवर बरोबर बसतं. दोन दिवस इकडेतिकडे झाले तरी एखाद-दोन इंचांचा फरक. मात्र उजेड चार मिनिटांत तीन-साडेतीन इंच सरकतो, उशीर करून चालत नाही. पुन्हा ५-६ ऑगस्टला येतो, पण तेव्हा ढग.

कृष्णाकाठ
ऑगस्ट तर विसराच. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी गावात होतं. आणि मे मध्ये भर दुपारी त्या काळ्या दगडावर अनवाणी? तळपाय भाजतात. नको.

गजथर
मे नकोच. डिसेंबरचा आठवड्याचा मधला दिवस, सकाळी आठ ते दहा.

बासुंदीप्रेमी
डिसेंबर +१. थंडीत बासुंदी टिकते.

सरळ_रस्ता
डिसेंबर. आणि एसी गाडी.

पायवाट
सगळ्यांचे आभार. ६ मे ठरवलं. मुलाला सुट्टी असते आणि त्याला ते वर्तुळ शिळेवर बसताना बघायचंच आहे. आईला उन्हात नेणार नाही. आम्ही तिघं खिद्रापूरला जाऊन येईपर्यंत ती वाडीत नदीकाठी थांबेल. तिला तसंही दत्तदर्शनच हवं होतं. वाडीहून रिक्षा, परतीसह ठरवून. महालक्ष्मीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडलं की करते.

कृष्णाकाठ
ऐकायचं नव्हतं तर विचारलंत कशाला? असो. जाड सुती मोजे न्या, नायलॉनचे नको, घोटीव दगडावर घसरतात. वाडीतून साडेनऊला निघा. बाहेरची प्रदक्षिणा अकराच्या आत उरका, मग आत सावलीत बसा.

शून्य_सावली
१२:१५ ला शिळेजवळ या. शिळेवर उभं राहू नका, नाहीतर मुलाला फक्त तुमची सावली नसलेली दिसेल, वर्तुळ नाही.

हळेकन्नड
दक्षिण दरवाजाचा लेख विसरू नका. आणि गावातलं आदिनाथाचं जैन मंदिर पायी जाण्याजोगं आहे, तेही बघा.

सरळ_रस्ता
मे मध्ये इनोव्हा स्वस्त मिळेल, विचारून बघू का?