मदत हवी आहे: एकाच अंगणात वैशाख, मृग, हस्त आणि पौष कसे दाखवावेत? (प्रकाशयोजना, सोलापूर)

अंगणवाला

सोलापुरात एका हौशी संस्थेची एकांकिका बसते आहे. स्थळ एकच: मंगळवेढ्याकडचं माळवदाचं (मातीच्या सपाट छपराचं) घर, पुढे अंगण, कडेला कडुनिंब. प्रवेश चार: वैशाखातली भर दुपार, मृगाचा पहिला पाऊस, हस्तातली संध्याकाळ आणि पौषातली हुरड्याची सकाळ. नेपथ्य हलणार नाही, ऋतू उजेडातूनच कळला पाहिजे.

भाड्याचं सामान: १००० वॅटचे हॅलोजन पार ६४ (साधे झोतदिवे) आठ, २६ अंशांचे ७५० वॅटचे प्रोफाइल (झोताचा आकार कापता येणारे दिवे) चार, १००० वॅटचे फ्रेनेल (मऊ कडेचा झोत देणारे दिवे) दोन, आरजीबीडब्ल्यू (लाल-हिरवा-निळा-पांढरा) एलईडी पार सहा, १२ चॅनेलचा डिमर (दर चॅनेल २ किलोवॅट), दिवे चालवायला साधा डीएमएक्स बोर्ड, मागे पांढरा सायक्लोरामा (आभाळाचा पडदा). दिवे टांगायच्या बारची उंची साडेपाच मीटर.

सध्या वैशाखाला सगळ्या पारवर ली कंपनीचा १३४ अंबर जेल (रंगीत फिल्म) आणि पावसाला ११९ निळा लावलाय. वैशाख सूर्यास्तासारखा दिसतो आणि पाऊस रात्रीसारखा. शिवाय माळवदाच्या छपरातल्या झरोक्यातून घरात पडणारा कवडसा हवाय. तो ऋतूनुसार वेगळा दिसेल का?

तिरपीऊन

दिसेल, आणि तुमची निम्मी प्रकाशयोजना त्या कवडशातच आहे. रंगाला तूर्त हात लावू नका, आधी दिशा ठरवा.

प्रेक्षक उत्तरेला बसून दक्षिणेकडे बघतायत असं धरा. मग पूर्व प्रेक्षकांच्या डाव्या हाताला, पश्चिम उजव्या हाताला आणि दक्षिण सायक्लोरामाकडे. याचा फायदा असा की हिवाळ्यातला सूर्य आपोआप पात्रांच्या मागून येतो, समोरून सपाट पडत नाही.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली. डिसेंबरच्या अखेरीस तोच मध्यान्हीला फक्त ४९ अंशांवर, दक्षिणेला. छप्पर तीन मीटरवर धरलं तर मे महिन्यात कवडसा झरोक्याच्या थेट खाली पडतो आणि डिसेंबरात सुमारे २.६ मीटर उत्तरेला, म्हणजे तुमच्या हिशेबाने प्रेक्षकांकडे सरकतो. पौषाचा प्रवेश सकाळी सुरू होऊन दुपारपर्यंत चालत असेल तर हा फरक नक्की वापरा.

यासाठी दोन प्रोफाइल. पहिला झरोक्याच्या बरोबर वर. दुसरा मागच्या बारवर: उजेड पात्राच्या चेहऱ्यावर हवा असेल आणि बार व चेहरा यांच्यात ४ मीटर उंचीचा फरक धरला तर ४९ अंशांसाठी आडवं अंतर साडेतीन मीटर लागतं. २६ अंशांच्या प्रोफाइलचा गोल साडेपाच मीटरवर अडीच मीटरचा होतो, तो चारही शटर (झोत कापणाऱ्या पट्ट्या) आत घेऊन दोन फुटी चौकोनावर आणा. कडा किंचित मऊ ठेवा, खऱ्या कवडशाची कड कधीच ब्लेडसारखी नसते.

एका कवडशातून दुसऱ्यात सरळ क्रॉसफेड (एक उतरवत दुसरा चढवणं) मात्र करू नका. मधल्या वेळात जमिनीवर दोन कवडसे दिसतात, म्हणजे दोन सूर्य. पहिला पूर्ण विझवा, ढग आल्यासारखे आठ-दहा सेकंद जाऊ द्या, मग दुसरा उजळा.

पौषातली सकाळ: सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला सुमारे २५ अंश उगवतो, म्हणजे डाव्या विंगेतून थोडा मागून. एक फ्रेनेल उभ्या स्टँडवर, पात्रापासून ५ मीटर लांब, जमिनीपासून २.८ मीटर उंच. चेहऱ्याशी १५ अंशांचा कोन मिळतो आणि माणसाची सावली सहा मीटरच्या पुढे जाते. हस्तात सूर्य जवळपास नेमका पश्चिमेला मावळतो, तेव्हा दुसरा फ्रेनेल उजव्या विंगेत सरळ आडवा. हे दोन फ्रेनेल एकत्र कधीही लावू नका.

जिलेटीन

रंगाबद्दल मी लिहितो. उन्हाळा म्हणजे पिवळा हा नाटकवाल्यांचा जुना समज. सोलापुरातली मे महिन्याची दुपार पांढरी असते, धुळीने आभाळही पांढरट असतं. नारिंगी उजेड संध्याकाळचाच वाटणार, कारण सूर्य खाली गेल्यावरच तो रंग येतो. हॅलोजन पूर्ण व्होल्टेजला ३२०० केल्विनच्या आसपास, भर दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विन. पूर्ण सीटीबी २०१ (उजेड निळसर-पांढरा करणारा जेल) लावला तर फक्त ३४ टक्के उजेड पार होतो, आठ पारमध्ये ते परवडणार नाही. त्याचाच फिका प्रकार २०३ लावा, ६९ टक्के मिळतो. पुरेसा पांढरा वाटतो, कारण डोळा आधीच्या दृश्याशी तुलना करत असतो. नाटक उघडताना घराच्या आतला उजेड मंद आणि पिवळा ठेवून मग अंगण पूर्ण उजळा, तेच अंगण डोळ्यांना झोंबेल.

वैशाखाची धग कॉन्ट्रास्टमधून येते. मुख्य उजेड जवळपास उभा, ७५ ते ८० अंश, पूर्ण. समोरचा भराव (सावल्या उजळणारा उजेड) १० ते १५ टक्क्यांवर, जास्त नाही. डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडल्या तर पडू द्या, फक्त संवादाचे चेहरे वाचता आले पाहिजेत. जमिनीवर फिक्या रंगाचं अंथरूण टाकलं तर खालून परतणारा उजेड हनुवटी उजळतो. आपल्याकडे पांढरी चादर शोधावी लागत नाही. घर आतून काळंच दिसू द्या.

१३४ पूर्ण काढून टाका. हस्तातल्या संध्याकाळी फ्रेनेलवर २०५, हवा तर २०४ (दोन्ही उजेड नारिंगी करणारे, २०४ जास्त गडद), एवढंच.

आणि एक विभागणी पक्की करा: सूर्य हॅलोजनचा, आभाळ एलईडीचं. एकाच दिशेने हॅलोजन आणि एलईडी मिसळून ऊन बनवायला गेलात की हात फिरला की दोन रंगांच्या सावल्या दिसतात, आणि एलईडीच्या लाल-हिरव्या-निळ्या टोकांमुळे त्वचा आजारी वाटते. एलईडीचा पांढरा जुळवताना बोर्डवरच्या आकड्यांवर विसंबू नका. पांढरा टॉवेल धरा, अर्ध्यावर हॅलोजन आणि अर्ध्यावर एलईडी पाडून डोळ्याने जुळवा.

अंगणवाला

२०३ लावून डिमर ४० टक्क्यांवर आणला की पार पुन्हा पिवळा पडतोय. आणि पाऊस राहिला.

जिलेटीन

पडणारच. व्होल्टेज उतरलं की फिलामेंट थंड होतं आणि रंग पिवळ्या-नारिंगीकडे सरकतो, जेल ते पुरतं भरून काढू शकत नाही. उजेड कमी हवा असेल तर पार पूर्णच ठेवून संख्या कमी करा. पौषाला हाच दोष वापरा: फ्रेनेल बिनजेल ५०-६० टक्क्यांवर ठेवला की सकाळचं कोवळं ऊन फुकट मिळतं. सावलीत एलईडीचा फिकट निळा, ११७ च्या छटेचा, पाच-सात टक्के पुरे.

तिरपीऊन

पाऊस म्हणजे मुळात सावली नसणं. फ्रेनेल आणि प्रोफाइल बंद. पार चारच, वरून, २१६ डिफ्यूजन (उजेड पसरवणारी फिल्म) लावून, म्हणजे उजेडाला दिशाच उरत नाही. सायक्लोरामा गडद निळा करू नका, तो रात्रीचा रंग. एलईडीचा पांढरा आणि थोडा निळा मिसळून राखाडी, १६१ च्या जवळ. घरातला एक दिवा पिवळा ठेवा, त्याच्यामुळे बाहेरचा राखाडी अधिक गार दिसतो.

मृगात पाऊस यायच्या आधीची दोन-तीन मिनिटं जास्त मोलाची. वैशाखाचं ऊन नव्वद सेकंदांत उतरवा, सायक्लोरामा थोडा मागून उतरू द्या. आभाळ उजळ आणि अंगण अंधारं, हा उलटा तोल दिसला की प्रेक्षक पाऊस येणार हे ओळखतो. पार्श्वसंगीत मग लागेल तेवढंच.

वीज हॅलोजनवर नको. फिलामेंट सावकाश तापतो आणि सावकाश विझतो, त्यामुळे लुकलुकल्यासारखं दिसतं. एलईडी पार पांढऱ्यावर, दोन-तीन झटके, अंतर असमान, तेही फक्त मागून एका बाजूने. गडगडाट लगेच लावू नका: आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, वीज किलोमीटरभर लांब असेल तर तीन सेकंद लागतात. वादळ जवळ येतंय हे अंतर कमी करून दाखवता येतं.

हस्ताला याच राखाडी आभाळापुढे उजव्या विंगेतला फ्रेनेल २०५ लावून उघडा. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस जूनपेक्षा भारी, आणि पश्चिमेकडून ढगांखाली घुसणारं आडवं ऊन त्या दिवसांची खूण. या प्रवेशात सावल्या धारदार हव्यात, पावसाने धूळ बसलेली असते.

एलईडीचा लांब फेड सांभाळून. ८ बिटमध्ये उजेडाच्या २५६ पायऱ्या. ३० टक्क्यांवरून शून्यावर यायला जेमतेम ७७ मिळतात. त्या पाच मिनिटांत पसरल्या तर दर चार सेकंदांनी एक पायरी, खालच्या टोकाला उड्या दिसतात. दिव्याच्या मेन्यूत १६ बिट मोड असेल तर तो लावा, नाहीतर मंद फेड हॅलोजनकडे द्या आणि एलईडी १० टक्क्यांवर आल्यावर अंधाराच्या आडून कापा.

फ्यूजतपास

प्रकाशाबद्दल सगळं झालंय, मी विजेचं बघतो. ८ पार, ४ प्रोफाइल, २ फ्रेनेल मिळून १३,००० वॅट. २३० व्होल्टला सुमारे ५६ अँपिअर. एका फेजवर चालणार नाही, तीन फेजवर साधारण १९-१९ वाटा. १६ अँपिअरच्या सॉकेटवर १००० वॅटचे तीनच पार. डिमरमुळे न्यूट्रलवर जास्तीचा भार येतो, त्याची तार फेजइतकीच जाड हवी, वायरमनकडून बघून घ्या. साउंडची लाइन दिव्यांपासून वेगळी, नाहीतर स्पीकरमधून घूं ऐकू येईल.

१२ चॅनेलचं वाटप: पार जोडीजोडीने चार चॅनेल, प्रोफाइल चार, फ्रेनेल दोन. दोन मोकळे राहतात, त्यातला एक घरातल्या पिवळ्या दिव्याला.

डीएमएक्ससाठी माइकची केबल ओढू नका, शेवटच्या दिव्यात १२० ओहमचा टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावायचा रोध) बसवा. एलईडी मधेच फडफडतात तेव्हा कारण बहुधा हेच असतं.

कवडशाची तिरीप हवेत दिसायला थोडा धूर लागतो. हेझर (पातळ धुकं सोडणारं यंत्र) असेल तर प्रयोगाच्या वीस मिनिटं आधी सुरू करा. फक्त फॉग मशीन असेल तर अगदी थोडा सोडून पसरू द्या. पंखे चालू असतील तर दोन्ही फुकट, आणि मे महिन्यात प्रयोग असेल तर पंखे बंद ठेवायला प्रेक्षक तयार होणार नाहीत. तेव्हा धूर सोडून द्या, जमिनीवरचा चौकोन पुरेसा आहे.

हॉल कोणताही मिळो, हुतात्मा स्मृती मंदिर की शाळेचं सभागृह, बारची खरी उंची आदल्या दिवशी टेपने मोजा. बार चारऐवजी पाच मीटर वर असला तर ४९ अंशांसाठी आडवं अंतर साडेतीनऐवजी ४.३ मीटर लागेल.

अंगणवाला

उंची चेहऱ्यापासून मोजायची की जमिनीपासून?

फ्यूजतपास

माणसावर पाडायचा उजेड असेल तर चेहऱ्यापासून, दीड मीटर वजा करून. जमिनीवरच्या कवडशासाठी जमिनीपासून.