अनुभव धागा: तुमचा दात नेमका कशापायी काढावा लागला?

परवा माझी खालची दाढ काढली. रूट कॅनाल झालेली, ठणका थांबलेला, म्हणून कॅप बसवायचं वर्षभर टाळलं. आतून पोखरलेली दाढ चावताना उभी तडकली आणि चीर थेट मुळात गेली. अशी दाढ वाचत नाही म्हणे. जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते. तुमचं काय झालं होतं? 'कीड लागली' एवढ्यावर भागवू नका, सविस्तर लिहा.

*

माझी अक्कलदाढ आडवी, पुढच्या दाढेला डोकं लावून बसलेली. 'दुखत नाही ना, मग राहू दे' म्हणून दोन वर्षं काढली. त्या फटीत ब्रश पोचायचा नाही. शेवटी किडली ती पुढची, चांगली दाढ! एकीच्या आडमुठेपणापायी दोघी गेल्या.

*

तेराव्या वर्षी ब्रेसेससाठी चार उपदाढा काढल्या. चारही ठणठणीत, जबड्यात जागाच नव्हती. माझ्यापेक्षा आईच जास्त रडली.

*

वडिलांचं सांगते. एकाही दाताला कीड नाही, याचा त्यांना कोण अभिमान! ब्रश करताना रक्त यायचं, ते मात्र कधी मनावर घेतलं नाही. त्यात मधुमेह. पायोरियाने हिरडीखालचं हाडच झिजत गेलं आणि पुढचे दात बोटाने हलायला लागले. तीन काढले. हातात घेऊन बघत बसले होते, अख्खे, पांढरे. दुखत नाही हीच या रोगाची लबाडी. झिजलेलं हाड सहसा भरून येत नाही, पण वेळीच सफाई करून घेतली तर पुढची झीज रोखता येते. उरलेल्या दातांसाठी आता दर 3 महिन्यांनी जातो.

*

मावशीला घशाचा कॅन्सर. रेडिएशनआधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि त्यांनी दोन दाढा काढायला सांगितल्या. आम्ही चिडलोच, आधीच काय कमी होतं का? मग कळलं, रेडिएशन घेतलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो. नंतर दात काढला तर जखम भरत नाही, हाड मरू शकतं. म्हणून ज्यांचा भरवसा नाही ते आधीच काढतात आणि जखम भरायला मध्ये दिवस ठेवतात.

*

धागाकर्ता परत आलोय. आज तिसरा दिवस. काल बरं होतं, आज कानापर्यंत ठणका मारतोय. हे असंच असतं का?

*

नाही हो. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलं असेल. सिगारेट ओढलीत का? माझं तसंच झालं होतं. डॉक्टरांनी खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली, तासाभरात जिवात जीव आला. आजच दाखवा.

*

ओढली. एकच. निघालो.